कमरेचा त्वचा-कर्करोग

धोतर, लुगडे किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधल्याने कमरेच्या कातडीला होणारा कर्करोग. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली, लोकांच्या सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवरील निबंधात, धोतराच्या कर्करोगाची नोंद केली. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो आढळला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर स्त्रियांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांतील एक जण परकराविना नुसते लुगडे नेसत असे, आणि रोग तिच्या जांघेतील लसीकाग्रंथींपर्यंत पोचला होता.

बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि साधारण चार आठवड्यांत झडून जातात. पाणी आत राखणारा, जंतूंना अडवणारा थर असा सतत नवा होत असतो. नाडीखाली घर्षण, घाम आणि मळ यांनी तो पुन्हापुन्हा सोलला जातो. भरून काढण्यासाठी पेशींना अखंड विभाजित व्हावे लागते, आणि त्या धांदलीत एखादी पेशी बिघडते. आधी खाज, काळपट किंवा पांढुरका पट्टा, कोंडा, भेगा दिसतात. मग कडा फुलकोबीसारख्या वर आलेला, न भरणारा व्रण होतो.

कातडीवरच्या बहुतेक गाठी मात्र निरुपद्रवी असतात. चामखीळ विषाणूने येते. चरबीची गाठ मऊ असून बोटाखाली सरकते. उतारवयात पाठीवर, चेहऱ्यावर उठणारे तपकिरी खरखरीत डागही साधेच. घोड्याचा केस बांधून किंवा चुना लावून मस पाडण्याची रीत अजून चालते, ती सोडलीच पाहिजे : जखम चिघळते आणि तपासायला तुकडाही उरत नाही. त्वचेच्या कर्करोगांत रंजकपेशींचा कर्करोग फार घातक असतो. भारतीयांत तो बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली सुरू होतो, म्हणून तिथला वाढता काळा डाग दुर्लक्षू नये.

मुंबई उपनगरातील वेसाव्याच्या कोळणी लुगडे कमरेला आवळून कामाला उभ्या राहतात. मुलुंड-घाटकोपरच्या घरकामवाल्या बायका पहाटे बांधलेली नाडी रात्रीच सोडतात. उपनगराची दमट हवा त्यात भर घालते. कंबर झाकलेली, दाखवायला संकोच, त्यामुळे बाई येते ती व्रणातून रक्त किंवा दुर्गंधी येऊ लागल्यावर. खाजेची तक्रार घेऊन आलेल्या आजींची नाडी सैल करून पाहणे हे दवाखान्यातल्या डॉक्टरचे कामच आहे. तीन-चार आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा जागा बधिर करून काढतात व तपासतात. जुहूच्या कूपरसारख्या पालिका रुग्णालयातून गरजेप्रमाणे परळला टाटामध्ये पाठवणी होते.

कर्करोग ठरल्यास गाठ आजूबाजूच्या निरोगी कातडीसह काढतात, मोठ्या जखमेवर मांडीची कातडी बसवतात आणि जांघेतल्या ग्रंथी तपासतात. नुसता काळा पट्टा असेल, तर नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी, बांधायची जागा रोज बदलावी आणि घरी असताना सैल कपडे घालावेत.