मृद्भक्षण : एक जुना आहारविकार



बाभुळगांवासारख्या गांवीं ज्यानें मुलें शिकविलीं, त्याला पाटीवरच्या पेन्सिली कोठें नाहींशा होतात हें सांगावें लागत नाहीं. कित्येक पोटांत जातात. कोणी भिंतीचे पोपडे खातें, कोणी चुलीची भाजकी माती. आपण याला खोड म्हणतों व छडी उगारतों. आपले प्राचीन वैद्य याला रोगाचें मूळ म्हणत.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत पांडुरोगाचे पांच प्रकार सांगितले असून पांचवा माती खाण्यानें होणारा आहे. न पचलेली माती शरीरांतील मार्ग रोधते, बळ व कांति हरपते. गाल, भुवया व पाय सुजतात, पोटांत कृमि होतात, शौचावाटे रक्त व आंव पडते. उपचारहि ऐकण्याजोगा आहे. प्रथम रेचनानें माती बाहेर काढावी, मग बळासाठीं औषधी तूप द्यावें. आणि ज्याच्यानें माती सोडवतच नाहीं त्याला? त्याला मातीच द्यावी. मात्र वावडिंग, कडुनिंबाचीं पानें, कुटकी अशा द्रव्यांची भावना दिलेली, म्हणजे तिचा वीट येईल व दोषहि शमेल. या आज्ञेंत शिक्षा कोठेंच नाहीं. मला ती फार शहाणपणाची वाटते.

कवींचें निराळें. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा गंध येतो. होणारा पुत्र पृथ्वी भोगणार, म्हणून राणीला मातीची रुचि, असें कालिदास सुचवितो. काव्य म्हणून हें गोडच; पण खेड्यांतील गर्भिणीचें माती खाणें 'डोहाळे' म्हणून हंसण्यावारी नेतात, तें घातक होय.

पाश्चात्य वैद्यकांत याचें नांव 'पायका'. लॅटिनमध्यें तें एका पक्ष्याचें नांव, मिळेल तें चोचींत उचलणाऱ्या. अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणग्रंथांत तो आहारविकारांतच गणला असून, अखाद्य खाणें महिनाभर टिकल्यास तो विकार समजावा, असा दंडक आहे. अगदीं तान्ह्या मुलांस तो लागू नाहीं. पुष्कळदां मुळाशीं रक्तांतील लोहाची उणीव असते. ती भरून निघाली कीं मातीची ओढहि बहुधा ओसरते.

सरकारनें १९७० मध्यें गर्भवतींसाठीं लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांची योजना सुरू केली. २०१३ पासून किशोरवयीन विद्यार्थ्यांस अशी निळी गोळी आठवड्यांतून एकदां देण्याचा उपक्रम आहे. जंतांचें औषधहि शाळेंत देतात. गोळीनें मळमळतें, शौच काळें होतें, म्हणून कित्येक मुली ती गुपचूप टाकून देतात. जेवणानंतर, गुरुजींसमक्ष घेतल्यास तें टळतें. एवढ्यानेंहि ओढ न गेल्यास मूल यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत न्यावें, आणि तेथें रक्ताबरोबर घरच्या काळज्याहि डॉक्टरांस मोकळेपणानें सांगाव्यात.