घराच्या भिंतीवरची अक्षरे

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चित्र आपल्या घरात नसते. मग ज्यांच्यावर जिवापाड प्रेम आहे त्यांची आठवण घरात डोळ्यांसमोर कशी ठेवायची? उस्मानी तुर्कांनी या प्रश्नाचे एक देखणे उत्तर शोधले. त्याचे नाव 'हिलिया'. आपल्या बोलण्यातला 'हुलिया' हा शब्द मुळात तोच. हिलिया म्हणजे शब्दांनी रेखाटलेली प्रेषितांची तसबीर.

यातला मजकूर हदीसचा. इमाम तिरमिझी यांनी 9व्या शतकात 'शमाइल' या संग्रहात प्रेषितांचे रूप आणि स्वभाव यांची वर्णने एकत्र केली. त्यातले हजरत अली यांचे वर्णन हिलियात येते. प्रेषित फार उंच नव्हते, ठेंगणेही नव्हते. मनाने उदार, बोलण्यात सच्चे, वागण्यात मृदू होते. अचानक पाहणाऱ्यावर त्यांचा दरारा पडे आणि सहवासात आलेला त्यांच्यावर प्रेम करू लागे, असा त्याचा आशय आहे. डोळे, केस, चाल यांच्याबरोबरच माणुसकीचेही वर्णन त्यात आहे, हे महत्त्वाचे.

या मजकुराला भिंतीवर लावण्याजोगी घडण दिली ती इस्तंबूलचे खुशनवीस हाफिज उस्मान (1642–1698) यांनी. वर बिस्मिल्लाह, मधोमध वर्तुळात वर्णन, वर्तुळाला कवेत घेणारी चंद्रकोर, चार कोपऱ्यांत चार खलिफांची नावे. त्याखाली एक आयत. बहुधा प्रेषितांना साऱ्या विश्वासाठी करुणा म्हणून पाठवल्याचे सांगणारी. तिच्याखाली उरलेला मजकूर आणि लिहिणाऱ्याची सही. ही मांडणी इतकी नेमकी ठरली की तीनशे वर्षांनंतरही खुशनवीस तीच गिरवतात. शाई दिव्याच्या काजळीची, लेखणी बोरूची, कागद अंड्याचा बलक बाजूला काढून उरलेला पांढरा भाग आणि तुरटी लावून घोटलेला. सामान साधेच, मोल होते ते हाताच्या तालमीला.

19व्या शतकात मुस्तफा इज्जत एफेंदी (1801–1876) यांनी मोठ्या आकाराच्या हिलिया लिहिल्या. आयासोफियातल्या सुमारे साडेसात मीटर व्यासाच्या आठ भव्य तबकड्यांवरची अक्षरेही त्यांचीच. पण त्या तबकड्या मान वर करून पाहायच्या. हिलिया मात्र येता-जाता नजरेला पडायची. जिथे ती असते त्या घरावर संकट येत नाही, अशी लोकांची श्रद्धा होती. श्रद्धा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. भिंतीवर रोज मृदुपणाचे वर्णन दिसत असेल, तर घरात आवाज चढवताना माणूस निदान एकदा थबकतो.

मात्र त्यासाठी वर्णन समजायला हवे. तुर्कांची मायबोली अरबी नव्हती. ही अडचण हाफिज उस्मान यांच्याही आधी एका कवीने ओळखली होती. हाकानी मेहमेद बे यांनी 16व्या शतकाच्या अखेरीस प्रेषितांचे हेच वर्णन तुर्की काव्यात आणले आणि ते घरोघरी वाचले गेले. भिंतीवर अरबी अक्षरे आणि ओठांवर घरच्या भाषेतला अर्थ, अशी ही जोडी होती.

1928 मध्ये तुर्कस्तानने लॅटिन लिपी स्वीकारली. खुशनविसांचा रोजगार गेला. हामिद आयताच (1891–1982) यांच्यासारख्या थोड्यांनी कला जिवंत ठेवली. 2021 मध्ये युनेस्कोने तुर्की खुशनविसीला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. कलेचा मान वाढला. पण आजोबांनी भिंतीवर लावलेली हिलिया नातवाला वाचता येईनाशी झाली, ती तशीच राहिली.

ही गोष्ट तुर्कस्तानची म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या बैठकीच्या खोलीतही आयतुल कुर्सी असते, चार कुल असतात, दारावर बिस्मिल्लाह असते. सोनेरी फ्रेम ईदला पुसली जाते. त्यात काय लिहिले आहे, असे एखाद्या लेकराने विचारले तर किती घरांत मराठीत उत्तर मिळेल? अर्थ कळला नाही तर उत्तम अक्षरही नुसती नक्षी होऊन बसते. नक्षी डोळ्यांना सुखावते, पण आत्म्याला अन्न लागते ते अर्थाचे.

मराठीत हे काम परके नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 17व्या शतकात आपले अध्यात्म मराठीतच मांडले. तीच वाट आपल्या भिंतीपर्यंत आणता येईल. पुढची तसबीर घेताना आकार आणि किंमत विचारण्याआधी मजकूर विचारावा. जी आधीच टांगलेली आहे, तिच्याखाली सुवाच्य अक्षरात मराठी अर्थाची एक चिठ्ठी लावावी. ती चिठ्ठी घरातल्या मुलीने किंवा मुलाने लिहावी. लिहिता लिहिता अर्थ त्यांचा होईल. आणि फ्रेम थोडी खाली, मुलांच्या नजरेच्या उंचीवर आणावी.