काळारामचे सत्याग्रही बेदरकार नव्हते

भीमजयंती जवळ आली की वस्तीतली पोरं आमच्याकडे भाषण बसवून घ्यायला येतात. नाशिकची पोरं, त्यामुळे विषय बहुतेक वेळा काळाराम मंदिर सत्याग्रहाचा. ती जी गोष्ट सांगतात ती साधारण अशी असते : आपले लोक पेटले, मागचापुढचा विचार केला नाही आणि घुसले देवळात! टाळ्या पडतात. पण या गोष्टीत दोन चुका आहेत. लोक देवळात घुसले नव्हते. आणि विचार न करता तर मुळीच गेले नव्हते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. दुपारी मोठी मिरवणूक मंदिरावर गेली. दरवाजे बंद होते. समोर बंद दरवाजा, मागे हजारोंचा जमाव. बेदरकार लोकांनी अशा वेळी काय केलं असतं? ही मिरवणूक मात्र गोदावरीच्या घाटावर गेली आणि तिथे सभा झाली. रात्री नेते विचारविनिमयाला बसले. ३ मार्चला १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांवर सत्याग्रहाला बसली. सत्याग्रह समितीचे सचिव होते भाऊराव म्हणजेच दादासाहेब गायकवाड. तुकड्या ठरवणं, माणसं टिकवणं, शांतता राखणं, हे काम डोकं ठिकाणावर असल्याशिवाय होत नाही.

मग ९ एप्रिलचा, रथाच्या मिरवणुकीचा दिवस आला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा, अशी तडजोड झाली होती. सनातन्यांनी ऐनवेळी ती मोडली आणि रथ पळवला. आपले लोक मागे धावले तेव्हा दगडांचा वर्षाव झाला. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की कद्रेकर नावाचा भंडारी तरुण पोलिसांचं कडं तोडून पुढे गेला आणि रक्ताच्या थारोळ्यात कोसळला.

इथे प्रश्न विचारायला हवा : त्या दिवशी बेदरकार कोण होतं? कद्रेकरने जो धोका पत्करला तो स्वतःच्या देहावर. त्याला धाडस म्हणतात. दिलेला शब्द मोडताना कुणाचं डोकं फुटेल याची ज्यांनी पर्वा केली नाही, ते बेदरकार. आपल्या कृतीची किंमत दुसऱ्याने मोजावी आणि आपल्याला त्याचं काहीच वाटू नये, हा बेदरकारपणा.

गोष्ट सांगणाऱ्याला मात्र उडी आवडते. एक तरुण, एक कडं, एक झेप, ऐकणाराही खूश. सत्याग्रह ऑक्टोबर १९३५ पर्यंत चालला, हे सांगायला रंगत नाही. त्या काळात नाशिकच्या आसपासच्या गावांत आपल्या मुलांना शाळेतून काढलं, रस्ते बंद केले, दुकानांत जिन्नस देणं थांबवलं. ज्या घरांनी हे सोसलं, त्यांना आपल्या गोष्टीत एक वाक्यही मिळत नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून स्पष्ट केलं की हा लढा मूर्तिपूजेसाठी नव्हता. आपल्या समाजाला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. बंद दरवाजासमोर पाच वर्षं काढलेल्या समाजाचा तो निष्कर्ष होता.

विरोधक तेव्हा म्हणत, महार माजले. आज आपण अभिमानाने म्हणतो, आपल्या लोकांनी विचार केला नाही. एकाची शिवी, दुसऱ्याची शाबासकी; पण दोघंही त्या माणसांकडून एकच गोष्ट हिरावून घेतात : त्यांचा विचार. ज्या समाजाला विद्येपासून तोडलं, त्याच्या बुद्धीचा वाटा त्याच्याच पोरांनी पुसावा, याचं आम्हाला वाईट वाटतं.

आणि गोष्टीचे परिणाम होतात. मागचापुढचा विचार न करणं म्हणजे शौर्य, असं ऐकत वाढलेला पोरगा रीलवर काहीबाही बोलतो. गुन्हा दाखल होतो. कोर्टाच्या तारखांना त्याची आई रोज बुडवून उभी राहते. त्या व्यवस्थेचं यात काय बिघडलं?

आपण रोज पंचशील म्हणतो. पाचव्या शीलात 'पमाद' हा शब्द आहे : गाफीलपणा, बेसावधपणा. बुद्धाने अखेरच्या क्षणी शिकवला तो त्याच्या उलटचा, अप्पमाद. दरवाजांवर बसलेल्या त्या २५ स्त्रिया आणि १२५ पुरुष तेव्हा बौद्ध नव्हते, पण अप्रमाद त्यांनी जगून दाखवला.

येत्या जयंतीला कद्रेकरची झेप जरूर सांगा. पण त्याआधी घाटाकडे शांतपणे वळलेली ती मिरवणूक सांगा. आणि घरातल्या आजीला विचारा, त्या वर्षांत आपल्या गावात दुकान किती दिवस बंद होतं.

जयभीम.