तिळाएवढे नाणे

नाण्यांचा संग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोहरा, होन आणि राजमुद्रांकित रुपये उभे राहतात. संग्राहकांची धाव साहजिकच त्यांच्याकडे असते. आजचा विषय मात्र नेमका उलट टोकाचा आहे. तळहातावर ठेवून जोराने श्वास सोडला तर उडून जातील, जमिनीवर पडली तर मातीच्या कणांत हरवतील, अशा अतिलहान नाण्यांचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

लहान नाणे ही उत्तरकालीन कल्पना असावी, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकात आशिया मायनरच्या लिडिया व आयोनिया या प्रदेशांत सोन्यारुप्याच्या मिश्रधातूची जी पहिली नाणी पडली, त्यांतच ‘स्टेटर’ या मुख्य नाण्याचा शहाण्णवावा हिस्सा आढळतो. त्याचे वजन सुमारे 0.15 ग्रॅम, म्हणजे आपल्या सराफाच्या हिशेबाने सव्वा गुंज! मोठे नाणे आणि चिमुकले नाणे ही जणू जुळी भावंडेच होत.

अथेन्स नगरीत हीच कथा रुप्यात दिसते. तेथे 6 ओबोलांचा एक द्राख्म होई. ओबोल पाऊण ग्रॅमहूनही किंचित हलका असे. त्याचेही अर्धे आणि पाव भाग पाडीत, आणि या पाव ओबोलाचे वजन जेमतेम दीड गुंज भरे. एवढीशी नाणी बाळगावी कशी? अथेन्सचा सामान्य नागरिक ती सरळ तोंडात ठेवी. ॲरिस्टोफेनिस या नाटककाराच्या ‘गांधीलमाशा’ या ख्रिस्तपूर्व 422 मधील प्रहसनात एक वृद्ध पंच आपले गाऱ्हाणे सांगतो. त्याला आणि त्याच्या सोबत्याला मिळून एक द्राख्म मिळाला होता. सोबत्याने मासळीबाजारात तो मोडला आणि ओबोलांऐवजी याच्या हाती माशाचे तीन खवले ठेवले. म्हाताऱ्याने ते नाणी समजून तोंडात टाकले आणि दुर्गंधी येताच थुंकून दिले! या विनोदाला प्रेक्षक हसले असतील, कारण नाणे आणि खवला यांतील साम्य त्यांच्या नित्य परिचयाचे होते.

आता प्रश्न असा, की इतकी गैरसोयीची नाणी राजांनी आणि नगरांनी पाडलीच कशासाठी? त्या काळी नाण्याचे मोल बव्हंशी त्याच्या धातूत होते. मूठभर मीठ किंवा पळीभर तेल घ्यावयाचे, तर तेवढ्याच मोलाचे रुपे द्यावे लागे. आणि तेवढे रुपे म्हणजे एक कणच. तांब्याचे नाणे रुळले, तेथे ही अडचण सरली. जेथे ते रुळले नाही, तेथे रुप्याचे किंवा सोन्याचे कण हातोहात फिरत राहिले.

आपल्या देशातही हेच घडले. कौटिलीय अर्थशास्त्रात रुप्याच्या पणाचे अर्धा, पाव व अष्टमांश असे भाग सांगून त्याखाली तांब्याचे माषक आणि काकणी सांगितले आहेत. दक्षिणेत सोन्याचे ‘फणम’ चालत असे. वजन सुमारे तीन गुंजा आणि आकार मसुरीच्या डाळीएवढा. 1443 मध्ये विजयनगरास आलेला इराणी वकील अब्दुर रझाक तेथील नाण्यांचे वर्णन करताना सर्वांत उपयोगी नाणे म्हणून वराहाचा नव्हे, तर या फणमाचा निर्देश करतो. आपल्याकडे त्याचेच ‘फलम’ झाले. सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्याची जी मोजदाद आहे, तीत होनांच्या पंक्तीला हे फलमही बसलेले आहे.

त्रावणकोर संस्थानात तर रुप्याचे ‘चक्रम’ अगदी अलीकडच्या काळापर्यंत चालत होते. 28 चक्रमांचा तेथील एक रुपया होई. ही नाणी बोटांनी मोजणे अशक्यप्राय. म्हणून तेथे लाकडी फळीवर ठरावीक संख्येच्या खळ्या कोरीत. फळीवर मूठभर चक्रम ओतून ती हलविली की प्रत्येक खळीत एकेक नाणे बसे. वरचे निपटून काढले की मोजणी पूर्ण! गरजेतून जन्मलेले असे सुटसुटीत यंत्र क्वचितच पाहावयास मिळते.

परंतु या सर्वांवर ताण केली ती नेपाळने. काठमांडूच्या जयप्रकाश मल्ल राजाच्या काळी, 1740 च्या सुमारास, ‘जवा’ नावाचे रुप्याचे नाणे पडले. ‘जवा’ म्हणजे जव. ते पाव दाम किमतीचे असून त्याचे वजन ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास आहे. म्हणजे एका गुंजेत असे दहा-बारा जवा सहज मावतील! जगातील सर्वांत लहान नाणे म्हणून त्याचीच गणना होते.

या ‘दाम’ शब्दाची वंशावळही मोठी मनोरंजक आहे. ग्रीकांचा द्राख्म यवन राजांबरोबर भारतात आला आणि ‘द्रम्म’ झाला. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांतून हा द्रम्म वारंवार भेटतो. द्रम्माचा दाम झाला, दामाची दमडी झाली आणि ‘चमडी जाय पण दमडी न जाय’ या म्हणीत ती आपल्या जिभेवर कायमची राहिली. अथेन्सकराने नाणे तोंडात ठेवले. आपण त्याचे नाव ठेवले आहे, एवढेच!

अशा नाण्यांचा संग्रह करणाऱ्याच्या अंगी पैशापेक्षा चिकाटी हवी. मिलिग्रॅम दाखविणारा तराजू, एक भिंग, नाण्यामागे एक कागदी पाकीट आणि त्या पाकिटावर नाणे कोठे व केव्हा मिळाले याची नोंद, एवढी सामग्री पुरते. नाणे घासून चकचकीत करण्याचा मोह तेवढा टाळावा. तीन गुंजांच्या नाण्यावरील ठसा घासण्यात गेला, तर उरतो तो निव्वळ धातू.

आणि येथेच खरा प्रश्न आहे. श्रीमंताचे धन हंड्यात पुरले जाते, म्हणून ते पुढे सापडते आणि इतिहासात त्याची नोंद होते. गरिबाचा फलम बाजारात हातातून निसटतो आणि धुळीत मिसळतो. उत्खननातील माती बारीक चाळणीने चाळली, तरच तो हाती लागतो. शेतात नांगरताना कोणास असा कण गवसला, तर वजनात भरत नाही म्हणून तो टाकला जातो, नाहीतर सोनाराच्या मुशीत वितळतो. भूमिगत धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असेल, तर ते सरकारदरबारी कळवावे, असे 1878 च्या कायद्याने ठरविले. पण कायद्याचा हात पोहोचण्यापूर्वी मूस पोहोचते, हा नेहमीचा अनुभव आहे.

वराहावरून राजाची संपत्ती समजते. त्या दिवशी गरिबाने बाजारातून काय नेले, हे मात्र फलमावरूनच समजायचे. 2011 च्या जूनअखेर आपल्या देशात पाव रुपया आणि त्याखालील सर्व नाणी चलनातून गेली. घरातील डब्याच्या तळाशी त्यांतील एखादे अजून पडलेले असेल, तर ते क्षुल्लक म्हणून फेकू नका. कालांतराने तेही आपली साक्ष देईल.