तळटीप : ‘ड्यूक्स नोज’ आणि वेलस्ली हे आडनाव

खंडाळ्याच्या घाटातून दिसणारी, कुरवंडे गावाजवळची नागफणी. इंग्रजांना या सुळक्यात नागाचा फणा नव्हे, तर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे गरुडनाक दिसले. ड्यूक ही पदवी त्याला १८१४ची. म्हणजे १८०३च्या एप्रिलमध्ये तो पुण्यात आला आणि सप्टेंबरात असईला लढला, तेव्हा नुसता जनरल वेलस्ली होता. लेखकाने त्याला कुठे ‘वेस्ली’, तर कुठे ‘वेलस्ली’ म्हटले आहे. दोन्ही बरोबर आहे, म्हणून मूळ लेखन बदललेले नाही. १७९८पर्यंत तो स्वतः ‘वेस्ली’ अशीच सही करी. थोरला भाऊ रिचर्ड याने जुने, भारदस्त रूप पुन्हा घेतले, मग धाकट्यांनीही. हे नाव मुळात इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील वेल्सजवळच्या एका ठिकाणाचे. तेथून मध्ययुगातच ते आयर्लंडला गेले. गंमत अशी, की बापाकडून पाहता ड्यूक वेस्लीही नव्हता. त्याचे आजोबा रिचर्ड कॉली. कॉली घराणेही इंग्लंडातूनच आयर्लंडला गेलेले, पण बऱ्याच नंतर, ट्यूडर राजवटीत. १७२८मध्ये निपुत्रिक नातलग गॅरेट वेस्ली वारला आणि त्याची डँगनची जहागीर आडनावासकट कॉलींकडे आली. आपल्याकडच्या दत्तकविधानासारखाच हा मामला, फक्त होमहवन नाही. कुरवंड्याचे लोक मात्र अजूनही नागफणीच म्हणतात.