साशिको: जपानी धावदोरा आणि आपली गोधडी

साशिको म्हणजे साधा धावदोराच. जपानीत या शब्दाचा अर्थ ‘बारीक टोचणे’. जपानच्या उत्तरेकडील तोहोकू भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. शेतकरी भांगेच्या तंतूंचे, निळीत रंगवलेले कापड वापरत. ते विरळ, म्हणून दोन-तीन थर जोडून सुती दोऱ्याने टाके घालत. एदो काळात (१६०३–१८६८) ही पद्धत घरोघरी रुजली. ठिगळावर ठिगळ पडलेल्या कपड्यांना ‘बोरो’ म्हणत, म्हणजे चिंध्या.

चंद्रपूर-गडचिरोलीत याचे कोणाला नवल वाटू नये. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर धावदोरा, गोधडी अशीच होते. तेंदूपत्त्याच्या दिवसांत बाया साडीवर जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून जंगलात जातात. काट्याला अडकून त्याची बाही फाटतेच. साशिको शिकायला अशी बाही उत्तम.

कशी शिवायची?

ठिगळ आधी धुऊन घ्यावे, नाहीतर नंतर ते आटते आणि शिवणीला चुण्या पडतात. ते आतल्या बाजूने, फाटल्या जागेपेक्षा दोन बोटे मोठे लावावे. खडूने समांतर रेषा आखाव्यात. लांब सुई स्थिर धरून कापड पुढे सरकवत चार-पाच टाके एकदम घ्यावेत, मग दोरा ओढावा. दर वेळी बोटाने कापड सरळ करावे. नवखे नेमके हेच विसरतात. वरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, खालचा किंचित लहान. वळणावर मागे दोरा थोडा सैल सोडावा. खास दोरा नसेल तर गोधडीचा जाड सुती दोरा चालतो.

मूळ कसे जपायचे?

ही धार्मिक कला नाही, शिकायला आडकाठी नाही. पण नक्षी घेतली तर तिचे नाव आणि अर्थही घ्यावा. ‘आसानोहा’ ही भांगेच्या पानाची नक्षी; ते झाड सरळ, भराभर वाढते म्हणून ती तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर घालत. उलट, गावातल्या बाईने शिवलेली गोधडी जास्त भाव मिळावा म्हणून ‘साशिको’ म्हणून विकणे ही दोन्हीकडची फसवणूक आहे. जपानी नाव खोटे ठरते आणि शिवणारीचे काम झाकले जाते.

जपानातही बोरोची लाज वाटे. आओमोरीच्या तानाका चुझाबुरो यांनी गावोगाव फिरून असे कपडे जमवले, आणि पुढे टोकियोतल्या संग्रहालयात ते पाहायला लोक तिकीट काढून येऊ लागले. आपल्याकडे अनेक घरांत पाहुणे आले की गोधडी अजून पेटीत जाते आणि बाजारचे ब्लँकेट बाहेर निघते.