गणित घेऊन पुढे काय?

दहावीचा निकाल लागला की आमच्या हायस्कुलात पालक हमखास विचारतात, "सर, गणित घेऊन पोरगं शेवटी मास्तरच होणार ना?" प्रश्न जुना आहे, आणि एके काळी तो खराही होता.

१९४० साली सी. आर. राव हा तरुण आंध्र विद्यापीठातून गणितात एम.ए. झाला. जन्म आपल्याच कर्नाटकातल्या हडगलीचा. त्या काळी गणिताच्या पदवीधरापुढे वाटा मोजक्याच होत्या : मास्तरकी, जागा निघालीच तर प्राध्यापकी, नाहीतर कचेरीतली हिशेबनिशी. लष्करी मोजणीखात्यातील जागेच्या मुलाखतीसाठी राव कलकत्त्यास गेले. जागा मिळाली नाही. पण तेथे भेटलेल्या एका तरुणाकडून इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची माहिती कळली आणि १ जानेवारी १९४१ रोजी ते तेथे दाखल झाले.

ही संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली उभारली होती. बंगालमधील तागाचे पीक किती, हे प्रत्येक शेत न मोजता, नमुने घेऊन ठरवायचे होते; त्यासाठी गणित जाणणारी माणसे हवी होती. १९४१ मध्येच कलकत्ता विद्यापीठाने संख्याशास्त्राचा एम.ए. सुरू केला. राव पहिल्या तुकडीत होते. १९४५ साली, ऐन पंचविशीत त्यांनी लिहिलेला निबंध आज जगभर शिकवला जातो. २०२३ साली, एकशेदोन वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

आपली माणसेही मागे नव्हती. सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे शेती आणि अन्नाच्या आकडेवारीतून थेट रोमच्या जागतिक अन्न संघटनेत पोचले. कोल्हापूरचे वि. शं. हुजूरबाजार यांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग सुरू केला.

पुढे १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी, १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ, १९६१ मध्ये भारतीय सांख्यिकी सेवा आली. देशापुढे मोजण्याजोगे प्रश्न उभे राहिले, तसतशा जागा निर्माण झाल्या. आज विमा, बँका, औषधांच्या चाचण्या, संगणक, सगळीकडे हेच काम आहे. राव यांच्या त्याच संस्थेच्या बंगळूर केंद्रात गणिताची पदवी घेता येते. सांख्यिकी सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो.

आमच्या भागातील किती मुलांना हे ठाऊक असते? राव यांना ती माहिती योगायोगाने मिळाली. आमच्या मुलांना ती शाळेतच मिळाली पाहिजे. ते काम आम्हा शिक्षकांचे आहे.